ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना पार्टिशन अडले, तर ‘डिलीट’ दाबण्याआधी

विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून घरोघरचे जुने डेस्कटॉप व लॅपटॉप पुन्हा टेबलावर आले आहेत. ज्यांचे यंत्र पात्र आहे ते विंडोज ११ टाकत आहेत. ज्यांचे नाही ते लिनक्स मिंट किंवा उबुंटूकडे वळत आहेत. ठाणे आणि नवी मुंबईत त्यात आणखी एक भर आहे. महापे, ऐरोली या भागांतील कार्यालयांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप बाजारात रास्त भावात मिळतात आणि अनेक घरांत मुलांच्या अभ्यासासाठी तेच घेतले जातात. या सगळ्यांची गाडी बहुधा एकाच पडद्यावर अडते: सिस्टिम कोणत्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या कोणत्या भागावर, बसवायची, हे विचारणाऱ्या.

अशा वेळी शेजारीपाजारी किंवा दुकानात मिळणारा सल्ला ठरलेला असतो: सगळी पार्टिशन उडवा आणि फॉरमॅट मारा. या सल्ल्याने पुष्कळदा काम होते, हे नाकारता येत नाही. पण अडचणीबरोबर डी आणि ई ड्राइव्हमधली दहा वर्षांची कागदपत्रेही जातात. माझ्या मते या पडद्यावर येणाऱ्या बहुतेक संदेशांचा अर्थ ‘डिस्क खराब आहे’ असा नसतो. संगणक कोणत्या पद्धतीने सुरू झाला, डिस्कवरचे पार्टिशन टेबल (पार्टिशनांची नोंद) कोणत्या प्रकारचे आहे आणि इन्स्टॉलरला, म्हणजे सिस्टिम बसवणाऱ्या प्रोग्रामला, डिस्कपर्यंत पोहोचता येते आहे का, या तीन गोष्टींचा मेळ बसलेला नसतो. कोणता मेळ चुकला आहे हे शोधणे, हेच या लेखाचे काम आहे. लेखातील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. त्या संगणकावर इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात.

सुरुवात करण्यापूर्वी

महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवावी. ती जोडलेली राहिली, तर यादीत एक जास्तीची डिस्क दिसते आणि घाईत नेमकी तीच पुसली जाण्याची भीती असते. ज्यावर सिस्टिम टाकायची आहे ती सोडून बाकीच्या डिस्क, मेमरी कार्डे आणि जास्तीचे पेनड्राइव्हही काढावेत. डेस्कटॉपमध्ये दुसरी हार्ड डिस्क असेल, तर संगणक बंद करून तिची केबल तात्पुरती सोडवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

पार्टिशन लहान-मोठे करताना मध्येच वीज गेली, तर नुकसान होऊ शकते. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा आणि डेस्कटॉपला यूपीएस असावा. महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची सूचना दिली असेल किंवा पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल, तर हे काम पुढे ढकलावे.

लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का, हेही आधीच पाहावे. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत चालू झालेले असते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. ती कागदावर लिहून घ्यावी. कार्यालयातून आलेल्या जुन्या लॅपटॉपची की त्या कार्यालयाकडेच असते. त्यामुळे आतला डेटा आपल्याला उघडता येणार नाही, आणि तो आपला नसल्याने त्याची गरजही नाही. मात्र अशा लॅपटॉपच्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला, पासवर्ड नाही ना, हे विकत घेतानाच दुकानात पाहून घ्यावे, कारण पुढचे निम्मे उपाय बायोसमध्ये शिरल्याशिवाय करता येत नाहीत.

यादी वाचायला शिकावे

इन्स्टॉलरच्या यादीत ‘ड्राइव्ह ०’, ‘ड्राइव्ह १’ अशी नावे दिसतात आणि पुढे क्षमता असते. ही क्षमता खोक्यावर छापलेल्या आकड्याशी जुळत नाही. १ टीबीची डिस्क सुमारे ९३१ जीबी, ५१२ जीबीची सुमारे ४७६ आणि २५६ जीबीची सुमारे २३८ जीबी दिसते. मोजण्याच्या एककातला हा फरक आहे; जागा चोरीला गेलेली नसते.

नेहमीच्या विंडोज ११ लॅपटॉपवर साधारण असे चित्र असते: १०० ते २६० एमबीचे ‘सिस्टिम’ पार्टिशन, १६ एमबीचे, विंडोजने राखून ठेवलेले ‘एमएसआर’, मग सी ड्राइव्हचे मोठे पार्टिशन आणि शेवटी काही शे एमबीचे ‘रिकव्हरी’. यांतले पहिले, म्हणजे ईएफआय पार्टिशन, आकाराने किरकोळ दिसत असले तरी संगणक सुरू करणाऱ्या फाइल त्यातच असतात. कचरा समजून ते उडवणारे पुष्कळ भेटतात, आणि मग सी ड्राइव्ह शाबूत असूनही विंडोज उठत नाही.

दोन डिस्क सारख्याच क्षमतेच्या असतील, तर अंदाज करू नये. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये शिफ्ट आणि एफ-१० दाबले की काळी खिडकी उघडते. काही लॅपटॉपवर सोबत एफएन हे बटणही दाबावे लागते. तेथे ‘डिस्कपार्ट’ आणि मग ‘लिस्ट डिस्क’ असे टाइप करावे. ‘सिलेक्ट डिस्क ०’ आणि ‘डिटेल डिस्क’ दिल्यावर त्या डिस्कचे मॉडेल व तिच्यावरचे व्हॉल्यूम (सी, डी यांसारखे भाग) दिसतात. एवढ्याने काहीही पुसले जात नाही. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (सिस्टिम न बसवता थेट त्यावरूनच चालणाऱ्या) ‘एलएसबीएलके’ आणि पुढे ‘उणे एफ’ हा पर्याय दिला की डिस्कवरची पार्टिशन आणि त्यांचे प्रकार दिसतात.

एमबीआर आणि जीपीटी यांचा बेबनाव

सर्वाधिक वेळा येणारा संदेश असा असतो: निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे आणि ईएफआय पद्धतीच्या संगणकावर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर बसवता येते. कधी याच्या नेमका उलट संदेश येतो, की डिस्क जीपीटी पद्धतीची आहे म्हणून येथे विंडोज बसवता येणार नाही.

पार्टिशन टेबल म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरची रहिवाशांच्या नावांची पाटी: कोण कुठल्या मजल्यावर, एवढेच ती सांगते. एमबीआर ही १९८३ सालच्या पीसी डॉस २.० पासून चालत आलेली जुनी पद्धत आहे. तिच्यात चारच प्रायमरी (मुख्य) पार्टिशन मावतात आणि नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर ती साधारण २ टीबीपलीकडे मोजू शकत नाही. म्हणूनच ४ टीबीच्या नव्या डिस्कचा अर्धा भाग कधीकधी वापरता येत नाही. जीपीटी ही यूईएफआयबरोबर, म्हणजे बायोसच्या नव्या पिढीबरोबर, आलेली पद्धत आहे. विंडोज तिच्यात १२८ पार्टिशन करू देते, आणि टेबलाची एक जादा प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली जाते.

विंडोजचा नियम सरळ आहे: संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू झाला असेल तर डिस्क जीपीटी हवी, जुन्या लेगसी पद्धतीने सुरू झाला असेल तर एमबीआर हवी. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की संगणक कोणत्या पद्धतीने सुरू झाला, हे पुष्कळदा पेनड्राइव्हवरून ठरते. बूट मेन्यू उघडल्यावर एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावापुढे ‘यूईएफआय’ असे लिहून. यादीतली चुकीची ओळ निवडली, की धडधाकट डिस्कवरही वरचा संदेश येतो. म्हणून उपाय या क्रमाने करावेत.

१. संगणक पुन्हा सुरू करून बूट मेन्यू उघडावा. त्यासाठीचे बटण कंपनीप्रमाणे एफ-९, एफ-११, एफ-१२ किंवा एस्केप असते. ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळ निवडून इन्स्टॉलर पुन्हा चालवावा. ‘डिस्क जीपीटी आहे’ ही तक्रार असेल, तर ती बहुधा येथेच मिटते.

२. पेनड्राइव्ह रूफससारख्या साधनाने बनवला असेल, तर तेथे पार्टिशन स्कीम कोणती निवडली होती ते पाहावे. विंडोज ११ साठी जीपीटी आणि यूईएफआय हीच जोडी ठेवावी, कारण त्या सिस्टिमला यूईएफआय आणि सिक्युअर बूटची (फक्त विश्वासार्ह सिस्टिम सुरू होऊ देण्याची) क्षमता लागतेच.

३. डिस्क खरोखरच एमबीआर असेल आणि आतला डेटा ठेवायचा असेल, तर मायक्रोसॉफ्टचे रूपांतराचे साधन वापरावे. त्याचे नाव एमबीआर, मग अंक २, मग जीपीटी असे सलग टाइप करायचे असते. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून ते सोबतच येते. आधी ‘व्हॅलिडेट’ हा पर्याय देऊन नुसती चाचणी घ्यावी आणि ती उत्तीर्ण झाली तरच ‘कन्व्हर्ट’ द्यावा. चालू विंडोजमधून हे करायचे असेल, तर ‘अलाऊ फुल ओएस’ हा पर्यायही जोडावा लागतो. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा एक्स्टेंडेड (पोटात आणखी भाग असलेले) पार्टिशन असेल, तर चाचणी नापास होते. बिटलॉकर चालू असेल तर रूपांतरापूर्वी ते थांबवावे. रूपांतर झाल्यावर बायोसमध्ये जाऊन बूट पद्धत यूईएफआय करणे विसरू नये. लेगसी पद्धतीने ती डिस्क आता उठणार नाही.

४. डेटा सुरक्षित उतरवला असेल आणि डिस्क पूर्ण रिकामी करायची असेल, तर त्याच डिस्कची सगळी पार्टिशन यादीतून उडवून, उरलेली ‘अनअॅलोकेटेड’ जागा निवडून पुढे जावे. इन्स्टॉलर यूईएफआय पद्धतीने सुरू झाला असेल, तर तो डिस्क स्वतःच जीपीटी करून हवी ती पार्टिशन आखतो. तेवढ्याने भागले नाही, तर डिस्कपार्टमध्ये योग्य डिस्क निवडून ‘क्लीन’ आणि ‘कन्व्हर्ट जीपीटी’ द्यावे. ‘क्लीन’ ही आज्ञा खात्री विचारत नाही. एंटर दाबले की त्या क्षणी टेबल गेलेले असते. म्हणून त्याआधी पुन्हा एकदा ‘लिस्ट डिस्क’ देऊन तारेची खूण कोणत्या डिस्कसमोर आहे ते डोळ्यांनी पाहावे.

यादीत डिस्कच दिसत नसेल

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर ही यादी कोरी दिसते, किंवा तिच्यात फक्त आपला पेनड्राइव्ह दिसतो. लोक घाबरून एसएसडी बदलायला निघतात. प्रत्यक्षात बायोसमध्ये व्हीएमडी नावाची, डिस्क हाताळणारी इंटेलची सोय चालू असते, एसएसडी तिच्यामागे असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. बायोसमध्ये गेल्यावर एसएसडीचे नाव दिसत असेल, तर निदान जवळजवळ पक्के समजावे.

विंडोज टाकायचे असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, नेमक्या त्याच मॉडेलचा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावा. तो एकाच ईएक्सई फाइलच्या रूपात आला असेल, तर आधी उलगडून त्यातले आयएनएफ फाइल असलेले फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावे. ईएक्सई फाइल जशीच्या तशी ठेवली तर इन्स्टॉलरला ती कळत नाही. मग यादीच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ निवडून ते फोल्डर दाखवावे. ड्रायव्हर बरोबर असेल, तर डिस्क लगेच यादीत येते.

लिनक्स टाकायचे असेल तर इन्स्टॉलर बहुधा आरएसटी (हेच ते इंटेल रॅपिड स्टोरेज) बंद करायला सांगतो. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणे किंवा डिस्क जोडण्याच्या पद्धतीत ‘रेड’ (अनेक डिस्क एकत्र वापरण्याची पद्धत) ऐवजी ‘एएचसीआय’ (साधी पद्धत) निवडणे हा उपाय खरा आहे, पण त्याच लॅपटॉपवर आधीचे विंडोज ठेवायचे असेल तर थेट बदल करू नये, कारण मग ते निळा पडदा दाखवून थांबते. आधी विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून सेफ बूट निवडावे, पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये बदल करावा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उठू द्यावे आणि मग सेफ बूटची खूण काढावी. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही, तर खात्याचा पासवर्ड लागतो. तो आठवतो ना, हे आधीच तपासावे. कार्यालयांतून आलेल्या जुन्या लॅपटॉपवर ‘रेड’ ही निवड सर्रास आढळते, मग आत एकच डिस्क का असेना.

बायोसमध्येही डिस्क दिसत नसेल, तर मात्र प्रश्न केबलचा, सैल बसलेल्या एम.२ एसएसडीचा किंवा खुद्द डिस्कचा आहे. डेस्कटॉपच्या अनेक मदरबोर्डवर एम.२ एसएसडी बसवली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि पुस्तिका कोणी वाचत नाही.

जागा आहे, पण पार्टिशन होत नाही

ऐरोलीतल्या एका शिकवणीवर्गाच्या डेस्कटॉपचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १ टीबीची डिस्क, तिच्यावर सी, डी, ई आणि एफ. ई मध्ये अनेक वर्षांच्या प्रश्नपत्रिका. इन्स्टॉलर म्हणत होता की या पार्टिशनमध्ये डायनॅमिक व्हॉल्यूम (विंडोजच्या खास पद्धतीने आखलेले भाग) आहेत आणि ते चालत नाहीत. झाले होते असे, की डिस्कवरच्या चारही प्रायमरी जागा भरलेल्या असताना कोणीतरी पाचवे पार्टिशन करायला गेले. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटने ‘डिस्क डायनॅमिक करू का?’ असे विचारले आणि त्या माणसाने न वाचता ‘येस’ दाबले. रोजच्या वापरात त्याने काहीच बिघडले नाही. बिघाड कळला तो नवे विंडोज टाकताना.

डायनॅमिक डिस्क पुन्हा बेसिक करण्याचा मायक्रोसॉफ्टचा अधिकृत मार्ग एकच आहे: सगळे व्हॉल्यूम उडवणे. डेटा न घालवता रूपांतर करून देणारी इतर साधने मिळतात, पण बॅकअप घेतल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये, आणि बॅकअप घेतलाच असेल तर डिस्क साफ करून जीपीटी करणे अधिक बरे. त्या डेस्कटॉपवर प्रश्नपत्रिका बाहेरच्या डिस्कवर उतरवून हेच करण्यात आले.

डिस्क बेसिक असूनही ‘नवे पार्टिशन करता आले नाही आणि जुने सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊ शकतो. एमबीआर डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतील, तर शेजारी ३०० जीबी मोकळी असूनही पाचवे होत नाही. काही लिनक्स इन्स्टॉलर त्या जागेपुढे ‘अनयुजेबल’ असे लिहितात. चार नसतील तर जास्तीच्या डिस्क आणि कार्डे काढून पाहावे. इन्स्टॉलर कधीकधी स्वतःच्या पेनड्राइव्हलाच मुख्य डिस्क समजतो, आणि बायोसमध्ये मुख्य डिस्कचा क्रम वर आणून, पेनड्राइव्ह फक्त बूट मेन्यूतून निवडला की पुढची वाट मोकळी होते.

विंडोजच्या शेजारी लिनक्स

जागा मोकळी करण्याचे काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, ‘श्रिंक व्हॉल्यूम’ वापरून करावे. तेथे नेहमीची तक्रार असते की सी ड्राइव्हवर २०० जीबी रिकामे आहेत, पण कमी करता येतात अवघे १५. हलवता न येणाऱ्या फाइल मध्येच बसलेल्या असतात: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी. या तिन्ही सोयी तात्पुरत्या बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून श्रिंक करावे आणि मग त्या परत चालू कराव्यात.

लिनक्सच्या इन्स्टॉलरला विंडोजचे पार्टिशन हाताळता येत नसेल, तर फास्ट स्टार्टअप हे पहिले संशयित असते. त्यात ‘शट डाउन’ केलेला संगणक खऱ्या अर्थाने बंद होत नाही, आणि अर्धवट झोपलेल्या एनटीएफएस (विंडोजच्या) पार्टिशनला लिनक्स हात लावत नाही. शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ केले की तो त्या वेळेपुरता पूर्ण बंद होतो. दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्यांनी मात्र पॉवर ऑप्शन्समधून ही सोय कायमची बंद करावी. तरीही अडले, तर विंडोजमध्ये ‘चेकडिस्क’ (टाइप करताना सीएचकेडीएसके) सी ड्राइव्हवर दुरुस्तीच्या पर्यायासह चालवावे. बिटलॉकर असेल तर ते पूर्ण काढून, डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबावे.

हाताने पार्टिशन आखताना आधीचेच ईएफआय पार्टिशन ‘स्लॅश बूट स्लॅश ईएफआय’ म्हणून निवडावे आणि त्याच्यापुढची ‘फॉरमॅट’ची खूण काढलेली आहे याची खात्री करावी. ती खूण राहिली, तर विंडोजच्या बूट फाइल जातात. जुन्या लेगसी संगणकावर जीपीटी डिस्क वापरून लिनक्स टाकायचे असेल, तर ग्रब या बूटलोडरसाठी (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामसाठी) १ एमबीचे ‘बायोस-ग्रब’ पार्टिशन वेगळे लागते. बूटलोडर बसवताना आलेली चूक पुष्कळदा एवढ्यावरच असते.

डिस्क बदलताना आणि डिस्क मरताना

लहान डिस्कची हुबेहूब प्रत मोठ्या एसएसडीवर काढली असेल, तर जीपीटीची शेवटची प्रत जुन्या डिस्कच्या लांबीवरच राहते आणि मधेच अडकते. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर ‘पार्टेड’ चालवल्यावर ते ही विसंगती दाखवून ‘फिक्स’ की ‘इग्नोर’ असे विचारते. ‘फिक्स’ निवडल्यावर उरलेली जागा वापरता येते.

फॉरमॅट अर्ध्यावर थांबत असेल, इन्स्टॉलर दर वेळी वेगळ्याच टक्केवारीवर अडकत असेल किंवा हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर पार्टिशनचे सगळे उपाय थांबवावेत. क्रिस्टल-डिस्क-इन्फो किंवा लिनक्समधील ‘स्मार्ट-सीटीएल’ने डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे तिने स्वतःच ठेवलेली आपल्या प्रकृतीची नोंद, पाहावी. ‘रीअॅलोकेटेड’ आणि ‘करंट पेंडिंग’ सेक्टरांचे आकडे शून्याहून वर आणि वाढते असतील, तर आधी ‘डीडी-रेस्क्यू’ने प्रत काढावी आणि दुरुस्तीचा प्रयोग त्या प्रतीवर करावा. मरत्या डिस्कवर चेकडिस्क चालवणे हा तिच्यावरचा अखेरचा घाव ठरू शकतो.

चुकीचे पार्टिशन उडालेच, तर त्या डिस्कवर काहीही लिहू नये आणि नवे पार्टिशन करून पाहण्याचा मोहही टाळावा. टेबल गेले तरी हार्ड डिस्कवरचा डेटा बहुधा जागेवर असतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून ‘टेस्टडिस्क’ जुनी पार्टिशन शोधते आणि यादी बरोबर वाटली तर टेबल परत लिहून देते. एसएसडीच्या बाबतीत ही आशा कमी असते, कारण फॉरमॅट करताना जाणारी ट्रिमची आज्ञा रिकाम्या ठरलेल्या जागा खरोखरच रिकाम्या करते.

काम नीट पार पडल्यावर डिस्क मॅनेजमेंट एकदा उघडावे, जास्तीच्या डिस्क संगणक बंद करून पुन्हा जोडाव्यात, आणि बिटलॉकर नव्याने चालू केले तर नवी रिकव्हरी की जुन्या कागदावर न लिहिता वेगळ्या कागदावर, संगणकाच्या मॉडेलसह लिहून ठेवावी. जुनी की आता चालत नाही.